नऊ की आठ

बल्लारशाह सुटलं आणि डब्यात ऊन शिरलं. कुंदाताई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. त्यांच्या मांडीवरची पिशवी घसरायला लागली म्हणून मी ती हळूच काढून घेतली, आणि आतलं सगळं नीट आहे ना ते बघायला स्टीलचा डबा उघडला. कापसात गुंडाळलेली इंजेक्शनची एक छोटी रिकामी बाटली त्यात होती, आणि बाटलीत आमचे क्रिस्टल. महिनोन्‌महिने सांभाळलेले, साखरेच्या दाण्याएवढे, गुलाबी.

मी बाटली उन्हात धरली. क्रिस्टल पिवळे होते.

उकाड्यानं खराब झाले, असं आधी वाटलं. एप्रिल संपत आला होता आणि गाडीचा डबा तापला होता. मी बाटली डोळ्यांजवळ नेली. कडा धारदार होत्या, कुठे भुकटी नाही, पाणी स्वच्छ. खराब काहीच झालेलं नव्हतं. फक्त रंग वेगळा होता, हरभऱ्याच्या डाळीचं पाणी असावं तसा फिका पिवळा. ओढणीच्या सावलीत धरून पाहिलं, पुन्हा उन्हात धरलं. पिवळाच.

मग मला एम.एस्सी.च्या पुस्तकातली एक ओळ आठवली.

ही गोष्ट २००४ सालची. मी तेवीस वर्षांची होते, पीएच.डी.चं पहिलं वर्ष. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मुलगी संशोधन करते हे त्यांनी गावात ज्याला त्याला थांबवून सांगितलेलं. कुंदाताई, म्हणजे कुंदा पाठराबे, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. हिंगणघाटकडच्या एका कॉलेजात शिकवायच्या आणि तीन वर्षांची अभ्यासरजा घेऊन आमच्या विभागात आल्या होत्या. रजा तीस जूनला संपत होती. तोवर प्रबंध दिला नाही तर परत जाऊन शिकवायचं, आणि मग राहिलं ते राहिलं. त्यांची सहा वर्षांची मुलगी सासूबाईंकडे होती. आमचे दोघींचे गाइड बोधनकर सर.

सरांचा आयुष्यभराचा विषय दुर्मिळ मृदा धातू. आवर्तसारणीच्या खाली वेगळी मांडलेली ती पंधरा मूलद्रव्यांची ओळ. त्यात डावीकडून उजवीकडे जावं तसा प्रत्येक अणू आधीच्यापेक्षा किंचित लहान होत जातो. या धातूंचा सेंद्रिय आम्लांशी संयोग केला की कार्बॉक्सिलेट मिळतात, आणि त्यांच्या क्रिस्टलमध्ये धातूच्या अणूभोवती ऑक्सिजनचे अणू दाटीवाटीनं बसलेले असतात. धातू मोठा असेल तर नऊ बसतात. लहान झाला की आठच मावतात. नवाचे आठ नेमके कुठल्या धातूपाशी होतात, हा सरांचा प्रश्न होता. होल्मियमपाशी नऊ होते, ते कुंदाताईंनी आधीच सिद्ध केलं होतं. त्याच्या पुढचा अर्बियम. तिथे आठ होतील असं बहुतेकांना वाटत होतं. सर म्हणत, तिथेही नऊच.

जानेवारीत आमचा अर्बियमचा एक क्रिस्टल हैदराबादच्या एका संस्थेत पोस्टानं पाठवला होता. क्ष-किरणांनी उत्तर दिलं, नऊ. सरांनी पेढे वाटले आणि पेपर पाठवून दिला. नियतकालिकाच्या परीक्षकानं तो परत धाडला, की निष्कर्ष महत्त्वाचा आहे पण डेटा कच्चा आहे, चांगला क्रिस्टल घेऊन पुन्हा मोजा. म्हणून आम्ही दोघी हैदराबादला निघालो होतो.

आता ती ओळ. होल्मियम आणि अर्बियम शेजारी-शेजारी, अडुसष्ट इलेक्ट्रॉनांत एकाचा फरक. क्ष-किरणांना तो सहजी कळत नाही, तुम्ही सांगाल ते नाव त्यांना चालतं. पण अर्बियम कुठेही गुलाबीच दिसतो. होल्मियम उन्हात पिवळा असतो आणि नव्या पद्धतीच्या सीएफएल दिव्याखाली गुलाबी होतो. आमचे क्रिस्टल काचेच्या नळ्यांमध्ये जेलच्या थरात वाढत, आणि तापमान हलू नये म्हणून त्या नळ्या बिनखिडकीच्या मागच्या खोलीत ठेवलेल्या असत. त्या खोलीत मागच्याच वर्षी सीएफएल बसवले होते. क्रिस्टल तिथेच वाढले, तिथेच निवडले, तिथेच बाटलीत भरले. ऊन त्यांना आज लागत होतं.

आणि सप्टेंबरमध्ये त्या खोलीच्या कपाटातून ऑक्साइडची बाटली काढून द्रावण कुणी केलं होतं? मी. दोन बाटल्या शेजारी होत्या, दोन्हींची लेबलं आम्लाच्या वाफांनी खाल्लेली. मी जवळची उघडली. पूड गुलाबी दिसली. दुसरी उघडून बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.

"काय बघतेस?" कुंदाताई जाग्या झाल्या होत्या.

"काही नाही. सांडलं तर नाही ना, ते."

त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, तिच्याकडे न बघता कापसात गुंडाळली आणि डब्याचं झाकण लावलं. "आत राहू दे. ऊन लागतं," एवढं म्हणून त्या बाहेर बघत बसल्या. पुढचे पाच तास मी काय बोलले आणि काय खाल्लं, मला आठवत नाही. दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी विचारलं.

हैदराबादच्या संस्थेतलं क्ष-किरणांचं यंत्र सांभाळायला कुर्तडीकर नावाचे गृहस्थ होते. पन्नाशीचे, मूळचे नांदेडकडचे, तीन पिढ्या हैदराबादेत. मराठी ऐकून खूश झाले. "या की बाई, या. तुमच्यासाठी तीन दिवस राखून ठेवलेत. कुणाला हात लावू दिला नाही."

त्यांनी क्रिस्टल सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. सूक्ष्मदर्शकाला जुना पिवळा बल्ब होता. एक चांगला दाणा निवडून त्यांनी तो केसाएवढ्या बारीक काचेच्या काडीच्या टोकाला चिकटवला. मग डोकं वर न काढता विचारलं, "अर्बियम म्हणालात ना?"

"हो," कुंदाताई म्हणाल्या.

"पिवळट दिसतंय."

"तुमचा बल्ब पिवळा आहे."

"तेही खरं," ते म्हणाले आणि क्रिस्टल यंत्रावर चढवला.

मी कुंदाताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

ते यंत्र जुन्या धाटणीचं, एकेक ठिपका मोजणारं. क्रिस्टल जरासा फिरे, खट् आवाज होई, एक आकडा पडे. पुन्हा फिरे, पुन्हा खट्. असे चार हजार ठिपके. आम्हाला करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच वाईट होतं. मी व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. दर अर्ध्या तासानं पाणी प्यायला जात होते. खोलीत परतले की पडद्यावर कच्चा आराखडा दिसे, मधोमध धातू आणि त्याच्याभोवती ऑक्सिजन. मी ते मोजत होते. नऊ. पुन्हा मोजत होते, जणू एखादा कमी भरला असता तर माझी सुटका झाली असती.

कुंदाताई प्रबंधाची पानं घेऊन बसल्या होत्या. लाल पेन हातात, पण पानावर एकही खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या बाहेरच्या पीसीओवरून घरी बोलल्या. मी दाराशीच उभी होते.

"तीस जूननंतर आई घरीच राहणार, हो. नाही, मग कुठेच नाही जाणार. आजीला दे."

फोन ठेवल्यावरही त्या तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सांगितलं तर या बाईनं मुलीपासून लांब काढलेली तीन वर्षं वाया. प्रबंधातलं अर्बियमचं अख्खं प्रकरण जाणार. आणि नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. तो क्रिस्टल पुन्हा उन्हात धरणार कोण?

दुपारी संस्थेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली आम्ही दहीभात खायला बसलो.

"कुंदाताई, मला एक सांगायचंय."

"खाऊन घे आधी."

"ते अर्बियम नाही. होल्मियम आहे. चूक माझी आहे. सप्टेंबरमध्ये बाटली मीच काढली होती. रंग बघून काढली. मला काल गाडीत कळलं, आणि तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

मी एका दमात बोलून गेले. त्या रागावतील, रडतील, उठून जातील, सगळं मी मनात करून ठेवलं होतं. त्यांनी डब्यातला शेवटचा घास संपवला आणि बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले.

"मला फेब्रुवारीपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"प्रबंधात लावायला फोटो हवा होता नं. एक नळी घेऊन गच्चीवर गेले. कॅमेरा लावला, बघते तर पिवळे. खाली आणले, गुलाबी. दोन वेळा वर-खाली केलं. मग सरांकडे गेले."

"सरांना माहीत आहे?"

"ते म्हणाले, पेपर गेलेला आहे, आता मागं घेतला तर लोक हसतील. पुढच्या हिवाळ्यात खऱ्या अर्बियमचे क्रिस्टल वाढवू. तेही नऊच निघणार आहेत, मग आज हे वापरले काय आणि उद्या ते, फरक काय?" कुंदाताई गवताची काडी मोडत होत्या. "त्यांचा खरोखर विश्वास आहे, विशाखा. आपण खोटं बोलतोय असं ते समजतच नाहीत. वीस वर्षं ते नऊ म्हणत आलेत."

"आणि तुम्ही?"

"मी तारखा मोजत होते."

मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अजून एक आहे. तेही ऐकून घे. मी सरांना विचारलं, उद्या कुणाला कळलं तर? ते म्हणाले, द्रावणाच्या रजिस्टरमध्ये अक्षर विशाखाचं आहे. नवीन मुलगी आहे, चूक झाली म्हणता येईल."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काहीच नाही."

मला दोन दिवस लाज वाटत होती. ती एका क्षणात गेली आणि तिच्या जागी जे आलं त्याला मी अजून नाव देऊ शकलेले नाही. मी डबा तिथेच टाकला आणि चालायला लागले. त्यांनी हाक मारली नाही.

कुर्तडीकर यंत्राच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी विचारलं, "काका, तुमच्याकडे स्पेक्ट्रम घ्यायचं मशीन चालू आहे का? रंगाचा स्पेक्ट्रम. आमच्याकडचं वर्षभर बंद आहे."

"आहे की. शेजारच्या खोलीत. दहा मिनिटांचं काम." त्यांनी पेपर खाली ठेवला. "कशाचा घ्यायचाय?"

"आमच्या क्रिस्टलचा. थोडे विरघळवून."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्यांना कालच सगळं उमजलं होतं. "बेटा, सँपल त्या बाईंच्या नावावर आलंय. त्यांना विचारलंस?"

"मी विरघळवते," मागून आवाज आला. कुंदाताई दारात उभ्या होत्या. धापा टाकत होत्या. माझा डबा त्यांच्या हातात होता.

शेजारच्या खोलीत त्यांनी छोट्या चंचुपात्रात सौम्य आम्ल घेतलं, बाटलीचं रबरी बूच काढलं आणि क्षणभर थांबल्या. चिमूटभर पुरलं असतं. त्यांनी अख्खी बाटली उपडी केली. उरलेले सगळे क्रिस्टल तळाशी गेले, कडेनं गोलसर होत होत दिसेनासे झाले.

कुर्तडीकरांनी द्रावण यंत्रात ठेवलं. कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो त्याची रेघ काढत कागदावर पेन सरकायला लागलं. सपाट, सपाट, मग एक उंच टोक. पुन्हा सपाट, आणि दुसरं टोक. कुर्तडीकरांनी उठून कपाटातून जुना एक कागद काढला आणि आमच्या कागदावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेवर धरले. टोकांवर टोकं जवळजवळ बसली.

"हे मशीन बरोबर चालतंय का ते बघायला आमच्याकडे एक काच असते," ते म्हणाले. "दर महिन्याला मी तिचा स्पेक्ट्रम काढतो. ही टोकं मला झोपेतही ओळखू येतील. ती काच होल्मियमची असते, बाई."

कुंदाताईंनी मान हलवली. "कागदावर तारीख घाला आणि सही करा."

"सँपल कुणाचं लिहू?"

मी म्हणाले, "माझं. द्रावण मी केलं होतं."

"द्रावण हिचं," कुंदाताई म्हणाल्या. "पण प्रकरण माझं आहे, आणि फेब्रुवारीपासून गप्प मी बसले. कुंदा पाठराबे लिहा."

कुर्तडीकरांनी लिहिलं. मग विचारलं, "मग आता मोठं मशीन बंद करू? आणखी एक दिवस उगाच कशाला?"

"नको. चालू द्या. क्रिस्टल चांगला आहे," त्या म्हणाल्या. "माझा होल्मियमचा डेटा तरी सुधारेल."

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. मी त्यांना माफ केलं नव्हतं आणि त्यांनी माफी मागितलीही नाही. सिरपूर कागजनगरला त्यांनी दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सरांकडे मी एकटी जाते. तू येऊ नकोस." मी गेलेच.

सरांनी कागद टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुम्ही हे मला विचारून करायला हवं होतं," ते कुंदाताईंना म्हणाले.

"विचारलं होतं सर. फेब्रुवारीत."

"ते प्रकरण काढलं तर प्रबंधात काय उरतं, कल्पना आहे?"

"आहे."

"तीस जून?"

"नाही जमणार, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रजिस्टर निघेल. मीच म्हणाले, "सर, सप्टेंबरची नोंद माझी आहे. मी तिच्याखाली दुरुस्ती लिहिली आहे. चुकीची बाटली, म्हणून. सही केली आहे."

सरांनी हातानंच आम्हाला जायला सांगितलं. आठवड्यानं पेपर मागे घेतल्याचं पत्र गेलं. दोन ओळींचं, आणि त्यात कुणाचंही नाव नव्हतं.

एक जुलैला कुंदाताई कॉलेजात रुजू झाल्या. विभागात त्यांना निरोप दिला गेला नाही. खुर्चीवर त्यांचा पांढरा कोट राहिला होता, तो मी घडी करून पार्सलनं पाठवला. सर माझ्याशी कित्येक महिने कामापुरतंच बोलत होते. मला काढून टाकतील या भीतीनं मी रोज सगळ्यांत आधी येत होते. वडिलांना काही सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये मी कपाटातल्या एकूण एक बाटल्या गच्चीवर नेऊन उन्हात पाहिल्या, सगळ्यांचे स्पेक्ट्रम बाहेरून करून आणले आणि नवी लेबलं लावली. मग अर्बियमचं द्रावण केलं. नळ्या भरल्या. हिवाळा लागला तशी जेलमध्ये बारीक गुलाबी ठिणगी दिसली. ती वाढू दिली. फेब्रुवारीत एकटीच हैदराबादला गेले. कुर्तडीकर काकांनी क्रिस्टल खिडकीशी नेऊन आधी उन्हात धरला, मग म्हणाले, "हौ. गुलाबी आहे."

आठ आले. चार दिवस मी वेगवेगळ्या पद्धतीनं तपासलं. आठच.

सरांनी पडद्यावर ती रचना फिरवून-फिरवून पाहिली. माझ्यापेक्षा जास्त वेळा मोजलं असेल. त्यांच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. शेवटी ते खुर्चीत मागे टेकले.

"आठ," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "कुंदाला कळवलंस?"

"नाही, सर."

"कळव. पेपरवर पहिलं नाव तिचं घालू. होल्मियमचे नऊ तिचेच आहेत, त्याशिवाय या आठाला अर्थ नाही."

कुंदाताईंना पदवी त्यानंतर तीन वर्षांनी मिळाली, शनिवार-रविवार ये-जा करून. तेव्हा सर निवृत्त झालेले होते, तरी तोंडी परीक्षेला मागच्या बाकावर येऊन बसले. आज मी स्वतः गाइड आहे. माझ्या विद्यार्थ्यांना ही हकिगत मी कधी सांगितली नाही. कुणाकुणाचं काय सांगायचं, ते ठरवता येत नाही. कुंदाताईंशी माझी त्यानंतर फार जवळीक झाली असंही नाही. त्या कडुनिंबाखालचं "काहीच नाही" मधे राहिलंच.

पण सर 'कळव' म्हणाले त्या दिवशी मी फोन केला होता. कॉलेजच्या स्टाफरूमचा नंबर. शिपायानं हाक मारली, चपलांचा आवाज जवळ आला.

"कुंदाताई, विशाखा बोलतेय. अर्बियमचं झालं."

"हं."

"आठ आहेत."

पलीकडे कुणीतरी हसत होतं, कपबशा वाजत होत्या. मला वाटलं त्या गलक्यात त्यांना ऐकू गेलं नाही.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," त्या म्हणाल्या. "थांब, पेन घेते." खण उघडल्याचा आवाज आला. "हं. अंतरं सांग. धातूपासून ऑक्सिजनची, आठही."

मी वाचायला लागले. दोन पॉइंट दोन आठ एक. दोन पॉइंट तीन शून्य चार. प्रत्येक आकड्यामागे त्या हलकेच "हं" म्हणत होत्या. पाचव्यापाशी तासाची घंटा झाली, आणि कुणीतरी त्यांना म्हणालं, मॅडम, तुमचा वर्ग आहे.

"मुलांना बसायला सांगा, आले," त्या फोन बाजूला न करताच म्हणाल्या. मग मला, "पाचवा परत सांग. शेवटचा आकडा नीट ऐकू आला नाही."